माणदेशाचा पाऊस उगवतीकडून येतो

‘सातारा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ ही बातमी वाचून जिल्ह्यातल्या नेमक्या कोणाला काय कळतं, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर पाऊस होतो. पूर्व टोकाला माण तालुका, तिथे ४५० ते ५००. या दोन आकड्यांची बेरीज-भागाकार करून जो पाऊस निघतो, तो जिल्ह्यातल्या फार थोड्या गावांनी पाहिला असेल. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. माणमधल्या म्हसवडकरांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस आणि वर थोडा अधिकच, एका दिवसात. आणि ही दोन गावं सरळ रेषेत मोजली तर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत.

पाऊस कमी होत जातो तोही सारख्या उताराने नाही. महाबळेश्वरहून पाचगणी सरळ रेषेत पंधरा किलोमीटर. तिथे पाऊस २,००० मिलिमीटरच्या आत येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की ८०० च्या आतबाहेर. म्हणजे पहिल्या पंचवीस किलोमीटरमध्येच पावसाचा सहा-सप्तमांश भाग संपतो, आणि पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये उरलेल्यातला फक्त तीनशेएक मिलिमीटर कमी होतो. कोरेगाव, खटाव, माण हा पुढचा प्रवास पावसाच्या हिशेबाने जवळजवळ सपाट आहे. कृषी खात्याने महाराष्ट्राचे नऊ हवामान विभाग पाडले आहेत. त्यांतले घाट विभाग, उपपर्वतीय विभाग, मैदानी विभाग आणि अवर्षणप्रवण विभाग असे चार विभाग या एकाच रस्त्यावर एकामागून एक लागतात. एसटीत बसून एका सकाळीत चार हवामानं ओलांडता येतात, अशा जागा देशात फार नसाव्यात.

इतका तीव्र उतार का, याचं उत्तर थेंबाच्या प्रवासात आहे. पावसाचा बऱ्यापैकी मोठा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली येतो. दोन-अडीच किलोमीटर उंचीवर तयार झालेला थेंब सहा-सात मिनिटांत जमिनीवर पोचतो. जुलैत घाटमाथ्यावर वारा सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास असेल, तर तेवढ्या वेळात तो थेंबाला पुढे पाच-सहा किलोमीटर ढकलतो. बारीक थेंब हळू पडतात, म्हणून ते याच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून माथ्यावर तयार झालेला पाऊस पाचगणीपर्यंत उडत येतो, वाईला त्याचे तुषार पोचतात, आणि त्यापुढे त्याची मजलच जात नाही.

आता शाळेत शिकवलेलं वाक्य: सह्याद्री ढग अडवतो, म्हणून देशावर पाऊस कमी. यातला ‘अडवतो’ मला नेहमी खटकतो. ढग ही काही समुद्रावरून भरून आलेली पखाल नाही, की डोंगराला धडकली आणि फुटली. कोकणात येणारी हवा मुख्यतः वाफ घेऊन येते, एका घनमीटरमागे वीसएक ग्रॅम. सह्याद्रीची भिंत समोर आली की या हवेला वर चढावं लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि पसरताना थंड होते. कोरडी असती तर किलोमीटरला दहा अंशांनी थंड झाली असती. पण पावसाळी हवा इतकी दमट असते, की पाचेकशे मीटर चढताच तिच्यातली वाफ पाण्यात बदलू लागते. ढग तिथे तयार होतो. पुढच्या चढावर वाफेतली उष्णता मोकळी होत राहते, त्यामुळे हवा थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि त्याच उष्णतेच्या जोरावर ढग आणखी वर जातो. डोंगर ढग अडवत नाही, तो ढग बनवतो. तो नसता तर महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटर पडलाच नसता, आणि तो सगळा पाऊस माणला मिळाला असता असंही नाही. ‘आमच्या वाटणीचा पाऊस डोंगराने खाल्ला’ ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी आहे.

माथा ओलांडला की हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. सायकलच्या पंपात दाबलेली हवा नळी गरम करते, तसंच. उतरणाऱ्या हवेतले ढगांचे कण पुन्हा वाफ होतात. पावसाळ्यात वाईच्या बाजूने पाचगणीच्या कड्याकडे पाहिलं तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: माथ्यावर ढगाची जाड गोधडी पसरलेली, तिची किनार कड्यावरून खाली लोंबते, आणि थोडी खाली आली की विरून जाते. ढग सतत पुढे येत असतो, पण किनार जागची हलत नाही. मागून नवा ढग येतो आणि पुढचा नाहीसा होतो.

एवढ्यावर गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण माणची जमीन समुद्रसपाटीपासून पाचशे ते सातशे मीटरवर आहे, म्हणजे हवा घाटमाथ्यावरून उतरते ती फार तर सात-आठशे मीटर. तेवढ्याने ती वाळवंटी कोरडी होत नाही. जुलैत माणमधल्या दहिवडीला उभं राहिलं तर आभाळ भरलेलं असतं, ऊन क्वचित पडतं, आणि हवेच्या घनमीटरमध्ये पंधरा ग्रॅमच्या वर वाफ असते. पाणी डोक्यावरून चाललेलं असतं. कमी पडते ती त्याला वर उचलणारी ताकद. त्यातच जुलै-ऑगस्टमध्ये दीडेक किलोमीटर उंचीवरून पश्चिमेचा जोराचा वारा वाहत असतो. हाच तो मोसमी वाऱ्यांचा झोत, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळून आपल्याकडे येणारा. त्याच्या वर वारा मंदावतो, आणखी वर दिशाच बदलतो. एखाद्या ढगाने वर मान काढायचा प्रयत्न केला, तर त्याचं बूड एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे ओढला जातो. मधल्या थरात अरबस्तानाकडून आलेली कोरडी हवा असते, ती ढगाचा शेंडा खाऊन टाकते. परिणाम असा, की कापसाच्या पेळूसारखे बुटके ढग दिवसभर पूर्वेला पळत राहतात, मधूनच भुरभुर करतात, आणि तिची नोंद कित्येकदा पावसाचा दिवस म्हणूनही होत नाही. हवामान खातं २.५ मिलिमीटर पडल्याशिवाय पावसाचा दिवस धरत नाही. महाबळेश्वरला असे दिवस वर्षात शंभराच्या वर जातात, माणमध्ये तीस-पस्तीस झाले तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं.

वारा मात्र फुकट जात नाही. वनकुसवड्याच्या पठारापासून ते सांगली जिल्ह्यातल्या ढालगाव, जतपर्यंत पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या पश्चिमेच्या वाऱ्याच्या भरवशावर. जून ते ऑगस्ट हा त्यांचा सुगीचा काळ. खाली शेतकरी पेरलेल्या बाजरीकडे पाहत पावसाची वाट बघतो, आणि वर त्याच वाऱ्यावर पाती गरगरत असतात.

तर मग माणमध्ये जो साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो, तो येतो कुठून? या लेखात मला खरं सांगायचं आहे ते इथेच. माणचा पाऊस म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाचं उरलंसुरलं, असं आपण धरून चालतो. पण त्यातला मोठा भाग वेगळ्याच वेळी, वेगळ्याच तऱ्हेने आणि बऱ्याचदा विरुद्ध दिशेने येतो.

आधी वळीव. एप्रिल-मेमध्ये रान तापून तापमान चाळिशीला टेकतं, दुपारनंतर पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे ढगांचे मनोरे चढतात, संध्याकाळी धुळीचा लोट, कडकडाट, कधी गारा, आणि तासाभरात सगळं मोकळं. मग ७-८ जूनला मृग लागतो आणि मोसमी पावसाची पहिली सर येते. ती पडली तर खरिपाचा पेरा होतो. त्यानंतर मात्र घाटावर जेव्हा झड लागते, तेव्हा इकडे उघडीप असते. पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा ही नक्षत्रं, म्हणजे साधारण ५ जुलै ते १५ ऑगस्ट, कोयनेच्या धरणाची पातळी दररोज बातम्यांत असते आणि माणमधलं पीक माना टाकत असतं. पश्चिमेचा झोत जितका जोरात, तितका घाटावर पाऊस जास्त आणि इकडे वारा जास्त.

ऑगस्टच्या अखेरीपासून चित्र पालटतं. झोत मंदावतो. जमिनीवर ऊन पडू लागतं, ती दुपारी तापते, आणि आता ढगाचा शेंडा कापायला वर जोराचा वारा नसतो. ढग दहा-बारा किलोमीटरपर्यंत सरळ चढतात. दुसरं म्हणजे बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे. ऐन पावसाळ्यात ते ओडिशाकडून मध्य प्रदेशाकडे जातात, माणदेशाला त्यांचा थेट उपयोग थोडा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांची वाट दक्षिणेला सरकते, ते आंध्रच्या किनाऱ्यावर चढून तेलंगणमार्गे सोलापूरच्या रोखाने येऊ लागतात. आता ओली हवा पूर्वेकडून येते, आणि या वाटेवर सह्याद्री आडवा येत नाही. उत्तरा नक्षत्र १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त २७ च्या सुमारास. हस्ताचा, म्हणजे हत्तीचा, पाऊस पडला की नाही, यावर या भागातलं वर्ष ठरतं. सोलापूरला वर्षातला सर्वांत पावसाचा महिना सप्टेंबर आहे, जुलै नाही. मुंबईकराला ही गोष्ट सांगितली तर तो आधी विश्वास ठेवत नाही.

ऑक्टोबर २०२० हे याचं ठळक, आणि कडवट, उदाहरण. १३ तारखेला आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेला कमी दाबाचा तीव्र पट्टा हैदराबादला बुडवून १४ तारखेला सोलापूर-पंढरपूर भागात आला. पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून माणसं दगावली, माणच्या शेजारच्या सांगोला-आटपाडीपर्यंत ओढे-नाले रस्त्यांवरून वाहिले. पुढे तोच पट्टा महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरला. पावसाने डोंगराआडचा हा पर्जन्यछायेचा प्रदेश उलट्या दाराने गाठला होता.

हे वेळापत्रक एकदा ध्यानात आलं की इथल्या शेतीचं आश्चर्य वाटत नाही. राज्यात इतरत्र खरीप हा मुख्य हंगाम. नगर, सोलापूर, माणदेश या पट्ट्यात पोटाची भाकरी रब्बीतून, शाळूच्या ज्वारीतून येते. पावसाळाभर काळं रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या देत राहायचं, आणि सप्टेंबरच्या पावसाने जमीन भिजून वाफसा आला की पाभर धरायची. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवते. पेरणीनंतर पाऊस नाही पडला तरी मालदांडी ज्वारीची मुळं त्या ओलीचा माग काढत खाली जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपणी करायची. भेगा बुजल्या की ओल उडायची थांबते. कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते उगाच नाही. जानेवारीत हुरडा, फेब्रुवारीत काढणी. पिकाच्या वाढीतले तीन-साडेतीन महिने आभाळ निळंशार कोरडं असतं, आणि तरी पीक उभं राहतं.

अर्थात हे सुख काळ्या रानाचं. माणमधल्या बऱ्याच जमिनी मुरमाड, वीतभर खोलीच्या. त्यांच्यात ओल राहतच नाही. तिथे मृगाच्या भरवशावर बाजरी, मटकी, हुलगा, आणि नाही पिकलं तर माळ. त्या माळावर कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर. माळ म्हणजे पडीक, असं महसुली दप्तर म्हणतं. लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळ यांचं मत निराळं आहे.

मेंढी आणि पाऊस यांचं नातं तर फारच नेमकं आहे. मेंढीला चिखल सोसत नाही, खूर कुजतात, अंगावरची लोकर भिजून राहिली की ती आजारी पडते. त्यामुळे मेंढ्या पाळणारे हटकर धनगर कमी पावसाच्या पट्ट्यात दिसतात, तर गवळी धनगर घाटमाथ्यावर, धो-धो पावसात, म्हशी घेऊन राहतात. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी काही दशकांपूर्वी धनगरांच्या पोटजातींची वस्ती नकाशावर मांडली, तेव्हा तो नकाशा पर्जन्यमानाच्या नकाशाशी मिळताजुळता निघाला. माझ्या मते महाराष्ट्राच्या हवामानावर झालेल्या उत्तम अभ्यासांत त्याची गणना व्हावी, जरी तो हवामानाचा अभ्यास म्हणून केलेला नव्हता. फलटण-माणकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या आत पुन्हा देशावर यायचं. ज्या पावसाला शेतकरी अपुरा म्हणतो, तोच मेंढीला मानवणारा.

तापमानाबद्दल थोडक्यात. कोरडी हवा आणि निरभ्र आभाळ यांमुळे रान दिवसा लवकर तापतं आणि रात्री लवकर निवतं. डिसेंबरात दुपारी तीस अंश आणि पहाटे दहाच्या आसपास, असा वीस अंशांचा फरक इथे नवलाचा नाही. मुंबईत तो फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पण या भागाचं खरं दुखणं बाष्पीभवन. ऊन आणि वारा मिळून उघड्या पाण्यातून वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाणी उडवू शकतात, म्हणजे पडतो त्याच्या तिप्पट. उथळ तलावातलं पाणी आभाळालाच परत द्यावं लागतं. राजेवाडीचा मोठा तलाव, खटावमधला नेरचा तलाव ही इंग्रजी अमदानीतली कामं अजून उपयोगी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांचा उघडा पडलेला गाळ पाहिला की हा हिशेब कळतो. जमिनीत मुरलेलं पाणी उन्हाला सापडत नाही, म्हणून इथे ताली, पाझर तलाव आणि नालाबांध हीच शहाणी गुंतवणूक, असं म्हणायला हरकत नाही.

गडगडाटी पावसाचा आणखी एक स्वभाव म्हणजे तो गावं निवडून पडतो. एका ढगाचा पसारा पाच-दहा किलोमीटरचा. ओढ्याच्या अल्याड सरी वाहून गेल्या आणि पल्याड धूळही बसली नाही, हे इथे नेहमीचं. पर्जन्यमापक मात्र महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावं पंधरा-वीस. हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई त्या एका यंत्रावर ठरते तेव्हा मंडळाच्या गावी पडलेला पाऊस शेजारच्या कोरड्या गावाच्या नावावर चढतो. घाटावरच्या संततधारेत आकडा गावोगाव बदलला तरी पाऊस सगळीकडेच असतो. ज्या भागात यंत्रं दाट हवीत, तिथे ती घाटाइतकीच विरळ आहेत, हा शुद्ध गहाळपणा आहे.

डोक्यावरून जाणारे ढग खाली उतरवता येतील का, हा मोह स्वाभाविकच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरहून विमानं उडवून त्याची चाचणी घेतली. ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या, म्हणजे पाणी ओढून घेणारे कण ढगात शिरून थेंब लवकर मोठे होतात. २७६ ढग अभ्यासले गेले. त्यांतल्या काहींत कण सोडले, काही तुलनेसाठी तसेच ठेवले. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. पण त्यासाठी वर चढण्याची धमक असलेला ढग आधी हजर असावा लागतो. जुलैतल्या बुटक्या, पळत्या ढगांवर ही मात्रा चालत नाही, आणि १९७२ किंवा २०१२ सारख्या वर्षी चढणारे ढगच दुर्मीळ असतात. टंचाईच्या वर्षी घाईघाईने विमान मागवण्यात राजकीय समाधान असेल, पाणी फारसं नाही.

त्यापेक्षा डोंगरावर पडलेलं पाणीच उचलून आणण्याचा मार्ग सरळ. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांनी कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवून माण, खटाव, आटपाडी, सांगोल्याच्या शिवारांत आणलं. घाटावर पडलेला पाऊस वाऱ्याने आणला नाही, तो पंपाने आणला. विजेचं बिल तेवढं वेगळं. (कोयनेचं बरंचसं पाणी मात्र वीज करून पश्चिमेला, कोकणात सोडलं जातं. त्याचा वाद जुना आहे आणि इथे काढत नाही.)

पाणी आलं तशी डाळिंबं वाढली. डाळिंबाला कोरडी हवा लागते, पाणी मुळाशी ठिबकने द्यायचं आणि पानाफळावर थेंब पडू द्यायचा नाही. ओल्या हवेत तेल्या रोग पसरतो. पर्जन्यछाया ही या पिकाची भांडवली मत्ता होती. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांतला कोणता धरायचा, हे बागाईतदार पावसाच्या वेळापत्रकावरून ठरवत आले. २०१९ आणि २०२० मध्ये परतीचा पाऊस लांबला, आणि सांगोला-आटपाडीतल्या कितीतरी बागा तेल्या आणि मर रोगांनी काढून टाकाव्या लागल्या. दुष्काळी तालुक्यातला शेतकरी ऑक्टोबरात आभाळाकडे पाहून पाऊस थांबावा म्हणत होता, आणि शेजारच्या रानात शाळूची पाभर धरायला वाफसा येत नव्हता.